शांतीला जड हवं असतं

२१ एप्रिल २०१४, सोमवार

लिहायला फार उशीर झाला, राग नसावा. होळीनंतर वही उघडलीच नाही. डोळ्यांचं निमित्त सांगतो सगळ्यांना, पण ते खरं नाही. भीती वाटते. लिहिलं की गोष्ट पक्की होते.

काल मुलगा, जनू, शांतीला घेऊन आला. रोह्याहून पेणपर्यंत एसटी, पुढे विक्रम रिक्षा. सगळ्या वाटेत पोर खिडकीच्या गजाला दात लावून बसली होती म्हणाला. माझी नात. आठ पूर्ण झाली. शब्द दोनच — आबा आणि पानी. बाकी सगळं अंगानं बोलते. धडका मारते, गरगर फिरते, चावते, अंगावर येऊन आदळते.

सुनेला, मालूला, मुलगा झालाय. दीड महिन्याचा. शांतीचा त्याच्यावर फार जीव आहे, आणि घोर तोच. परवा तिनं बाळाला असं आवळलं की बाळ निळं पडलं. मालू फोनवर रडत होती. म्हणाली, "बाबा, ती वाईट नाय हो. किती आवळायचं ते तिला कळत नाय."

जाताना जनूनं मला पडवीच्या बाहेर नेलं. त्याच्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून. जूनपर्यंत सांभाळा, म्हणाला. तुम्हाला जमलं तर इथंच राहील. नाही जमलं तर पुण्याकडं अशा मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथं नाव घालून ठेवलंय. कंपनीत शिफ्ट होती, चहा न घेता गेला.

म्हणजे माझ्यावर आलं. मी तर बाजारात जाताना कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा माणूस!

२३ एप्रिल

दिवसभर पाठ भिंतीवर आपटते. रडून नाही — मजेत. धप्, धप्. पोपट नावाचा आमचा शेजारी कुंपणावरून विचारतो, "दादा, काय कांडताव? पापडाचं पीठ काय?" मी हसलो. आत जाऊन भिंतीला गोधडी बांधली. तिनं गोधडी सोडली आणि दुसरी भिंत धरली.

२४ एप्रिल

विहिरीवर पत्रा टाकला. वर दोन धोंडे. तरी डोळा लागत नाही.

२८ एप्रिल

तिला घेऊन रोह्याला गेलो. तिथं अशा मुलांचं केंद्र आहे, तिथल्या बाई तरुण आहेत, केस आखूड, पण आवाज मऊ. शांतीला त्यांनी दोन गाद्यांच्या मधे घातलं आणि वरून हातांनी दाबलं. मला घामच फुटला. म्हटलं गुदमरेल. पोर आतून खदखदून हसत होती.

मी विचारलं, औषध काय? बाई म्हणाल्या, "तिचं अंग तिला सापडत नाही, आजोबा. दाब मिळाला, वजन मिळालं, की सापडतं. म्हणून ती शोधत असते. तुम्ही तिला घरातलं जड काम द्या."

चावायला काहीतरी चिवट द्या. गोधडीत गुंडाळा, तोंड मोकळं ठेवा. उचलायला, ओढायला, ढकलायला द्या. आणि तिनं मागायच्या आधी द्या, रोज, ठरल्या वेळी. एकदा अंगाची भूक वाढली की मग ती भिंत शोधणार नाहीतर बाळ. ओरडून थांबवायला गेलात तर एक थांबेल, दुसरं सुरू होईल.

हे सगळं मान हलवत ऐकलं. पाचवीत शाळा सुटली माझी. किती डोक्यात राहिलं देवास ठाऊक. बाईंनी त्यांचा नंबर दिला. काही अडलं तर आधी मला विचारा, म्हणाल्या.

३ मे

आमच्या हिला, ठमाला, हे सगळं माझ्याआधी कळलं. बाईंनी चावायला गाजर सांगितलं होतं. हिनं सुका बोंबील दिला. शांती दोन तास एक बोंबील चघळते, तेवढी फ्रॉकची कॉलर चावायची राहते. सगळ्या घराला वास!

सकाळी कणगीतलं भात पाटीत भरून मागच्या पडवीत नेते. संध्याकाळी तेच भात परत कणगीत. पाटी पोटाशी आवळून धरते तेव्हा तोंड असं होतं की जणू कुणी तिची समजूत घातली. पोपट म्हणतो, "दादा, तेच भात रोज फिरवताव. वाढतंय काय?"

मी तिच्या मागून चालतो. पाटी पायावर पडली तर? कणगीत वाकली आणि आत गेली तर? ठमा म्हणते, तुमच्या 'तर'ची एक वेगळी कणगी बांधायला हवी.

१० मे

काल आळीत हळद होती. वाजंत्री नव्हती, ते मोठे भोंगे होते. शांती हात सोडवून धावली आणि भोंग्याला छाती लावून उभी राहिली. डोळे मिटून. पोरं हसली. मी ओढतो तर सुटेना.

एक पाहुणी बाई ठमाला म्हणाली, बाहेरचं काही असेल, दाखवून आण कुणाला. ठमा हळदीच्या हातानंच उभी राहिली आणि म्हणाली, "बाहेरचं नाय गो बाय. आमचंच हाय."

घरी आल्यावर मी ताट सरकवलं. त्या दोघी मात्र व्यवस्थित जेवल्या.

१६ मे

पुनवेच्या उधाणानं बांध पाझरायला लागला. खाडीचं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून जोळ बोलावली. घरटी एक माणूस बांधाला लागतो, ही इथली रीत. आमच्या घरचा माणूस मीच. शांतीला ठेवायचं कुणाजवळ? ठमा पेणला बाजारात. नेली बरोबर.

१७ मे

आज लिहायला बरं वाटतंय. असं फार दिवसांनी.

ओहोटीला खालून चिखल कापतात, हातभर गोळे करून रांगेनं हातोहात वर देतात. मी शांतीला बांधावर बसवून नजर ठेवून होतो. ती उठली आणि रांगेत घुसली. मी हाक मारणार तोवर खालच्या गड्यानं गोळा तिच्या हातात दिला होता. तिनं तो छातीशी धरला. क्षणभर ठेवला. मग पुढच्याच्या हातात दिला! आणि परत खाली हात केले.

दुपारपर्यंत रांगेत उभी. धडक नाही, फिरणं नाही, कुणाला आवळणं नाही. नखशिखांत चिखल. गडी म्हणायला लागले, हिरामणदादा, तू घरी जा, तुझ्या घरचं माणूस आलंय. मी खोटं रागावलो. आतून भरून आलं होतं.

रोह्याला फोन केला. बाई म्हणाल्या, बघा, हेच ते.

१८ मे

रात्रभर एका कुशीवर झोपली.

२३ मे

बांधाचं काम संपलं. चांगले दिवस आले की मला जास्त भीती वाटते, ते उगाच नाही.

शांती सकाळपासून माझी लुंगी ओढते, बांधाकडं बोट करते. अंगणात घमेल्यात चिखल करून दिला. हात घातला आणि निघून गेली. हा तो नव्हे. मग भिंत सुरू. आज स्वतःच्या मनगटाला चावली, दात उमटलेत. भाताच्या पाटीनं भागत नाही आता.

ठमा म्हणाली, न्या की रोज, घटकाभर. खाडीवर? पोर घेऊन? मी नाही म्हणालो. दाराला वरची कडी बसवून घेतली.

२८ मे, अमावस्या

आज लिहवत नाही. ती जिवंत आहे.

२९ मे

काल जमलं नाही. लिहून टाकतो.

काल सकाळी ठमा बाजारात गेली. मी मागचं दार बाहेरून लावून परसाकडे गेलो, तेवढाच वेळ. परत येतो तर पुढचं दार उघडं. खाली पाट ठेवून त्यावर चढून वरची कडी काढली होती. एवढी अक्कल!

मी आधी विहिरीकडं धावलो. पत्रा जागचा हलला नव्हता, धोंडे तसेच, तरी मी ते धोंडे काढले आणि पत्रा सारून आत बघितलं. हाका मारल्या. कोणता मूर्ख असं करील! आधी मनात धरलेली जागा सोडवेना. तेवढा वेळ गेला. मग बांध आठवला.

बांधावर चढलो. पलीकडं, तिवरांच्या झाडीच्या अलीकडं, मऊ चिखलात शांती. कमरेपर्यंत आत. दोन्ही हातही कोपरापर्यंत चिखलात घातलेले. डोळे मिटलेले. भरती लागलेली होती, उधाणाचा दिवस, पाणी चरातून आत येत होतं.

मी ओरडलो. तिनं डोळे उघडले. "आबा," म्हणाली. एक हात बाहेर काढला आणि शेजारचा चिखल थोपटला. ये, बस, असं.

मी उतरलो. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो आणि पाय निघेना. उपसू लागलो तसा आणखी आत. पाणी तिच्या पोटाला लागलं. मी नुसता बोंबलत होतो.

आळीतली सगुणा तिवरात निवट्या, चिखलातले मासे, धरत होती. तिची हाक आली, "दादा, हलू नको! हाय तसा रव!" फळी घेऊन आली, फळीवर पालथी झाली आणि घसरत शांतीपाशी गेली. ओढलं नाही तिनं. पायाच्या कडेनं हात आत घालून चिखल सैल करत राहिली, पाणी आत जाऊ देत राहिली. पाणी छातीला आलं तेव्हा पोर सुटली.

आणि मग शांती ओरडली. बुडताना नव्हती ओरडली. बाहेर काढलं म्हणून ओरडली! परत जायला झोंबत होती. सगुणाच्या दंडाला कडकडून चावली. सगुणा म्हणाली, "गो पोरी, हात हाय तो माझा, मासा नाय!"

मला तिच्या भाच्यानं, नाथानं, दोर टाकून काढलं.

ठमा आल्यावर सगुणा तिला म्हणत होती, "तुझी नात बुडत नव्हती गो. निवांत बसली होती. बुडत होता तो म्हातारा." दोघी हसल्या. ठमा हसता हसता रडायला लागली. मला दोन्ही आलं नाही.

१ जून

जनू आला. सगळं ऐकलं. रोह्याच्या बाईंचा फोन त्यानं माझ्या कानाला लावला. बाई सांगत होत्या, चिखल बंद करू नका, आजोबा. तो तिला लागतो. ओहोटीला, वेळ ठरवून, दोन माणसं बरोबर, कंबरेला दोर. सगुणाबाईंनाच विचारा कुठला चिखल टणक. नुसती अडवलीत तर ती पुन्हा एकटी जाईल.

मला ऐकू येत होतं. पण डोळ्यांपुढं पाणी चढतच होतं.

जनू म्हणाला, "आई ठेवू म्हणते. बाबा, तुम्ही सांगा."

ठमा माझ्याकडं बघत होती. शांती माझ्या पाठीला पाठ लावून जोर देत बसली होती. तिचा पूर्ण भार माझ्यावर.

मी म्हणालो, ने.

१२ जून

गेली. विक्रममध्ये चढताना तिनं ओळखलं नाही कुठं चाललीय ते. बोंबलांची पुडी ठमानं दिली होती. जनू म्हणाला, तिथं चालत नाय. परत दिली.

१५ जून

ठमा बोलते, पण कामापुरतं. आज वाढताना म्हणाली, "आता लागते का झोप?"

लागते. कबूल करायला लाज वाटते, पण लागते. विहीर, बांध, कणगी, कशाचीच भीती नाही. पोर सुरक्षित आहे. तिथं कुंपण आहे, माणसं आहेत, खाडी नाही. मी बरोबरच केलं.

२० जून

पोपट आज कुंपणाशी आला, आमच्या भिंतीकडं बघितलं आणि परत गेला.

२६ जून, गुरुवार

वसतिगृहातून फोन आला. तिथल्या बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, आजोबा, घाबरू नका, आता काहीच त्रास नाही. फिरत नाही, चावत नाही, धडका नाहीत. जिथं बसवू तिथं बसते, हात मांडीवर ठेवून. संध्याकाळी उठवावं लागतं. मी विचारलं, काही मागते का? नाही. आबा म्हणते का? नाही हो, तोंडच उघडत नाही. किती सुधारली!

त्या चिखलात, भरती चढत असताना, ती मला जवळ बोलावत होती. आता कुणालाच बोलावत नाही.

सगुणाकडं जाऊन आलो. ती येईन म्हणाली, ओहोटीला, रोज. दोर मी धरीन. जनूचा फोन लागत नाही, शिफ्टला असेल. जनू, बाबा रे, तिला घेऊन ये. मी चूक सांगितलं तुला. निघालास की निरोप दे. आजच दे.