सही माझीच आहे

आई,

गेल्या रविवारी मी एका म्हाताऱ्या किल्लेदाराला वेड्यात काढलं, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. किल्लेदार खरा नव्हता, घाबरू नकोस. तुझी मुलगी पंचेचाळिशीला आली तरी दर रविवारी दुपारी विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये तीन मैत्रिणींना जमवून राजे, जादूगार आणि राक्षसांचा खेळ खेळते, हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं, मी गोष्ट सांगत जायची, आणि कुणी काही अवघड करायला निघालं की वीस बाजूंचा फासा टाकून ते साधलं की फसलं ते ठरवायचं. एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटते आणि रविवारी जालसाज होते. खोटी फर्मानं, खोट्या सह्या, खोटे शिक्के. नियमांच्या पुस्तकात ही रीतसर कला आहे, सुतारकी-लोहारकीच्या रांगेत बसवलेली. तिचा नियमही मोठा शहाणा आहे. बनावट कागद करणाऱ्यानं स्वतः फासा टाकायचा नाही, गोष्ट सांगणारीनं लपवून टाकायचा, कारण कागद कसा साधला हे करणाऱ्याला कळतच नसतं. कुणीतरी तो निरखून बघेल तेव्हा कळतं. बघणाऱ्याला ते अक्षर ओळखीचं असेल तर त्याला जास्तीचे गुण. अक्षर त्याचं स्वतःचंच असेल तर सगळ्यात जास्त.

तर आमच्या डॉक्टरीणबाईंनी किल्लेदाराच्या नावानं दरवाजा उघडण्याचा हुकूम लिहिला, पहारेकऱ्यांनी तो मानला, आणि सकाळी राजानं तो कागद किल्लेदाराच्याच पुढं धरला. त्याच्या वतीनं मी फासा टाकला. एवढे जास्तीचे गुण असून पडला सगळ्यात खालचा, एक. "म्हणजे काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "त्याला ओळखू आलं नाही." "मग आता त्याला काय वाटणार?" "आपणच लिहिलंय, असं वाटणार." ती खो-खो हसली. "बिचारा. म्हातारपणी डोकं गेलं म्हणत बसंल की." सगळ्या हसल्या. मी चहाच्या निमित्तानं उठले आणि ओट्यापाशी उभी राहिले ती राहिलेच. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

ही कला मला शिकवलीस तूच, हे तुला कधी कळलं नाही. मी सात-आठ वर्षांची आहे. तू ज्वारीची भाकरी थापतेयस आणि मी तुझ्या पायाशी बसून वहीत गिरवतेय. तू वरूनच बघतेस, पिठाच्या हातानं माझं डोकं हलकेच ढकलतेस आणि म्हणतेस, "हात थांबवू नको गं. थांबलीस की रेघ कापती. वाचणाऱ्याला कळतंय की, हितं ही घाबरली म्हणून." सातवीत पहिली आले तेव्हा तू मला तुझ्यासारखंच शाईचं पेन आणून दिलंस, तशाच निबाचं. माझ्याच शाळेत तू मराठी शिकवायचीस आणि तुझं अक्षर फळ्यावरून कुणी पुसायला धजायचं नाही. तुझी सही मी नववीत बसवली. अक्षरं म्हणून वाचायची नाही, कागद उलटा धरून चित्र म्हणून बघायची, मग सरळ करून एका दमात मारायची. दोन वह्या भरल्या असतील. का, म्हणशील तर सांगता येत नाही. गाता येत नव्हतं, पळता येत नव्हतं, दिसायला मी अशी. हे जमत होतं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली होती आणि वर्गातल्या चौघींना शाळेच्या वेळात पाळण्यात बसायला जायचं होतं. शिपाईकाका गेटपासशिवाय कुणाला सोडायचे नाहीत, आणि आमची वर्गशिक्षिका तूच, म्हणून गेटपासचं पुस्तक तुझ्या पिशवीतून रोज घरी यायचं. मी मागची चार पानं फाडली, तुझ्या अक्षरात चौघींची नावं लिहिली आणि खाली तुझी सही केली, तू दिलेल्या पेनानं. त्या बदल्यात मी काही घेतलं नाही. आपण बरोबर जावं असंही वाटलं नाही. एकीच्या मामानं त्यांना पाळण्यात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चारी पास मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आले. मुलींनी मला शब्द दिला होता, तो पाळला. चौघींनी एकच सांगितलं, "बाईंनीच दिला."

मी तुझ्या वह्यांचा गठ्ठा पोचवायला ऑफिसच्या दाराशी आले होते. तू चष्मा लावलास. एक पास उचललास, उजेडाकडं धरलास, मग दुसरा, मग चारही ओळीनं मांडलेस. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, एकाच दिवशी चार मुली सोडल्यात तुम्ही, आणि आठवत नाही म्हणता?" तू एका सहीवरून बोट फिरवलंस. मग हळू म्हणालीस, "सही माझीच आहे मॅडम. दिल्याचं मात्र आठवत नाही मला." त्यांनी पुढं काही ताणलं नाही, एक समज देऊन सोडलं. तू बाहेर आलीस, मला पाहिलंस आणि वह्या घेतल्यास.

त्या संध्याकाळी तू परातीत पीठ घेऊन तशीच बसलीस. अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "आमच्या आईचं असंच सुरू झालंतं. आधी चहात साखर घातलेली आठवायची न्हाय. मग एक दिवस मलाच विचारली, तू कुणाची गं म्हणून." मंद्रूपच्या आजीचे शेवटचे दिवस मी पाहिले नव्हते, तू पाहिले होतेस. अप्पा म्हणाले, "येवढ्याशा कागदावरनं कशाला जीव खातीस?" तू म्हणालीस, "कागद न्हवं हो. चार सह्या केल्या मी. चार. आन् एक बी आठवंना." मी समोर जेवत होते. शेंगाची चटणी, ताक, भाकरी, सगळं लक्षात आहे. "मी केल्या" एवढे दोनच शब्द होते. फार तर दोन थोबाडीत बसल्या असत्या. मी ताक मागितलं आणि तू वाढलंस.

मग डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. मीठ, मोहरी, रवा, सगळं तुझ्या त्या सुरेख अक्षरात. मग एक छोटी वही आली, तिच्यात तू केलेल्या प्रत्येक सहीची नोंद, कुठं, कशावर, किती वाजता. वर्गशिक्षकपण तू मागून सोडलंस, पुढच्या वर्षी बोर्डाचे पेपर तपासणं सोडलंस. अप्पा तुला पुण्याला डॉक्टरांकडं घेऊन गेले. ते म्हणाले, काहीही झालेलं नाही. परतीच्या एसटीत मोहोळ आलं तेव्हा तू खिडकीकडं बघत म्हणालीस, "पेशंटला कुठं खरं सांगतेत." मी कॉलेजात होते तेव्हाच तू नोकरीचा राजीनामा दिलास, अजून दहा-अकरा वर्षं हातात असताना. निरोप समारंभातलं भाषण तू कागदावरून वाचलंस. आयुष्यात कधी कागद न धरलेली बाई, मध्येच विसरेन या भीतीनं वाचत राहिली.

आणि तू काहीच विसरली नव्हतीस, आई. किडन्या गेल्या, त्यानं गेलीस. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू डोळे मिटून जुन्या वर्गांची हजेरी घ्यायचीस, स्वतःची परीक्षा म्हणून. आमच्या नववीची पन्नास-बावन्न नावं तू क्रमानं म्हटलीस, त्या चौघीही आपापल्या जागी आल्या, मीही आले. मग डोळे उघडून विचारलंस, "एखादं सुटलं का गं?" मी म्हटलं, "नाही, सगळी बरोबर." तू म्हणालीस, "तुझं आपलं कायतरी. मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस." तेव्हाही वेळ होती. नर्स सलाइन बदलायला आली आणि मी बाजूला सरकले. दोन दिवसांनी तू गेलीस. शेवटपर्यंत तुला वाटत राहिलं की आपलं डोकं आपल्याला फसवतंय.

काल डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी तुझ्या जालसाजानं किल्लेदाराला खरं सांगितलं तर? गोष्ट माझ्या हातात असली तरी तिच्या माणसानं काय करायचं ते तिनंच ठरवायचं असतं. ती म्हणाली, "कशाला? एवढं भारी जमलंय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मी त्या खेळाच्या नोंदवहीत मागच्या बाजूनं लिहितेय. हे कुठं धाडायचं नाही, धाडायला कुणी नाही, आणि अप्पाही आता नाहीत की त्यांना वाचून दाखवावं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू ओळखलं होतंस आणि मला वाचवायला ते बोललीस. तसं असतं तर डब्यांवर चिठ्ठ्या आल्या नसत्या. दुसरं असं सांगत आले की मी लहान होते, घाबरले म्हणून गप्प राहिले. तेही खरं नाही. ऑफिसात तू चारी पास ओळीनं मांडलेस आणि म्हणालीस की सही माझीच आहे, तेव्हा मला भीती वाटली नव्हती. मला आनंद झाला होता. इतका आनंद मला नंतर कशानंच झाला नाही, आणि आज हे लिहितानाही तो पुरता गेलेला नाही.