निळ्या लोकरीचा टाका

नाशिक,
२१ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. हिरा हिला विमलमावशीचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वरची ओळ वाचून थबकली असशील. आजवर तुला मी नुसते आशीर्वादच लिहीत आले, कारण तुझ्या सासरी पत्र आधी कोण फोडेल याचा नेम नसतो. आज दोन्ही लिहिलंय. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तब्येत कशी आहे? कळवणला आमच्यापेक्षा थंडी जास्त. सातव्या महिन्यात पायांना सूज येते, पाय उशीवर ठेवून नीज. माझं नेहमीचंच, शाळा सुटली की सुया. कॉलनीतल्या मास्तरांची कानटोपी झाली. ती त्यांना घट्ट होते म्हणे. मास्तरांचं डोकंच मोठं, त्याला मी काय करू? भाच्याचा बिनबाह्यांचा स्वेटर बगलेपाशी अडकलाय. आणि तिसरं काम तुझं. म्हणजे तुझ्या आईचं.

तुझ्या बाळासाठी सिंधूने पिवळा स्वेटर विणायला घेतला होता, तो तुला ठाऊक आहे. पाठ झाली, पुढचा भाग अर्धा झाला आणि भाद्रपदात ती गेली. तो माझ्याकडे आहे, हे मात्र तुला ठाऊक नसेल.

परवा तुझी नवसाआत्या द्वारका नाक्याहून भर उन्हात चालत आली. मी चहा केला, तो तसाच राहिला. घाईत असेल.

"सिंधूचं सेटर तुझ्याकडं हाये म्हनं," ती म्हणाली. "दे, गंगंत सोडून येते. मेलेल्या मान्साचं अर्धं काम लेकराच्या अंगाला नको."

मी म्हटलं, "अर्धं कशाला राहील, नवसाबाई? मी पुरं करतेय."

"तू?" एवढंच म्हणाली. मग पदर सावरून, "आमच्या पेटीत हिराचं लाल सेटर हाये. आमच्या घरची वस्तू. बारशाला तेच घालू. भायेरचं काय नको."

हिरा, तिला घाई नव्हती. चहा का राहिला हे तुलाही कळतं नि मलाही, मग उगाच झाकून काय करायचं? स्वेटर मी दिला नाही. ती दारात उभी राहिली आणि मी तिच्या देखत बसून एक ओळ विणली.

आता त्या लाल स्वेटरचं सांगते. भिंतीवरच्या फोटोत तुझ्या अंगात आहे तोच, पानांच्या नक्षीचा, डांबरगोळ्या घालून जपलेला. तुमच्या घरची वस्तू म्हणून पाहुण्यांना दाखवतात तो. तो माझ्या आईने विणला. चांगुणाबाईने.

लढाईच्या दिवसांत आई देवळालीला एका मडमेच्या बंगल्यावर कामाला होती. तिथे बायका सैनिकांसाठी मोजे विणायच्या. त्यांचं बघून ती शिकली, आणि पानांची नक्षी तिने आपल्या डोक्याने बसवली. मला आणि माझी मैत्रीण म्हणून आमच्याकडे येणाऱ्या सिंधूला एका सतरंजीवर बसवून तिनेच ती शिकवली. सिंधूचा हात घट्ट, माझा सैल. बोलणी दोघींनाही खावी लागायची.

तुझ्या वेळी आईने हौसेने लाल स्वेटर विणला. सिंधूने घरी सांगितलं, मेन रोडच्या दुकानातून आणला. खरं सांगितलं असतं तर तो तुझ्या अंगाला लागला नसता. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीला ऊब मिळाली ना, मग झालं." पण त्या घरासाठी पुन्हा तिने सुया हातात धरल्या नाहीत.

सिंधू मात्र येत राहिली. घरी देवळाला जाते म्हणून निघायची आणि माझ्याकडे, माझ्याच ताटात जेवायची. मला तिचा राग यायचा आणि मी तिची वाटही बघायचे. आजही बघते.

दवाखान्यात तिला सुया धरवेनात तेव्हा तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "उरलेला तू वीण. आणि या वेळी सांग, कोणी विणला ते. मला नाही जमलं."

म्हणून सांगतेय. बाळंतपणाला माहेरी येशील तेव्हा पेटी उघडायला लाव आणि लाल स्वेटरची मान उलटून बघ. आईच्या प्रत्येक कामात तिथे निळ्या लोकरीचा एक टाका असतो. आमच्या झेंड्याचा रंग आहे तो. इतकी वर्षं तुमच्याच पेटीत जपून ठेवलाय.

पिवळ्याच्या आता बाह्या तेवढ्या राहिल्यात. मी बारीक सुया घेतल्या, तरी सिंधूचं विणणं संपून माझं सुरू होतं तिथे रेघ दिसते. तिचं उसवून सगळं एकसारखं करता आलं असतं. करणार नाही. तिचा एक टाकाही मी उसवणार नाही. मानेला निळा टाका घातलाय तो या वेळी बाहेरून, लांबून दिसेल असा.

बारशाला मी येणार आहे, बोलावणं आलं तरी आणि नाही आलं तरी. बाळाला घालायचे तर दोन्ही स्वेटर घाल. पिवळा तुमच्या घरात चालत नसेल, तर लालही काढून माझ्या हातात दे. आईची वस्तू आहे, मी घरी घेऊन जाईन.

पायांची काळजी घे.

तुझ्या आईची मैत्रीण,
चांगुणाबाईची लेक
विमल