टोपणाखालचं ताक

नाई बाबा, तुमचं सगळंच बरोबर नव्हतं. इंजिनच्या तेलाच्या टोपणाखाली ताक दिसलं की इंजिनचं हेड खोलाचं, विचारत बसाचं नाई, असं तुम्ही मले इतक्या वेळा बजावलं की ते माझ्या हातातच बसलं. डोक्यात बसलं असतं तर निदान काढून तरी टाकलं असतं. आता तुम्ही म्हणसान, बापाच्या नावानं खडे फोडून राह्यला. फोडून राह्यलो. दुसऱ्या कोणाच्या नावानं फोडू?

आपल्या हिंगणघाटच्या टिनाच्या शेडमध्ये तुमचं म्हणणं कधी खोटं पडलं नाई, हे खरं. मे महिन्यात हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्या वाफा सोडत यायच्या. तुम्ही टोपण उघडून आतून बोट फिरवायचे, आणि बोटाले पांढरं, घट्ट काही लागलं की "ताक झालं" म्हणून पाना मागायचे. हेडखालचं गॅस्केट जळून रेडिएटरचं पाणी तेलात घुसलेलं असायचं, दर वेळी. अशी गाडी आली त्या दिवशी तुम्ही डब्यातलं ताक प्यायचे नाई. माय चिडायची, "इंजिनातलं देलं काय मी तुमाले?" मंग तुम्ही हसून गिलास माझ्याकडं सरकवायचे. एकदा एका गाडीत मागं दोन लेकरं बसलेली. तुम्ही जेवत होते म्हणून मीच पाह्यलं, पाणी भरून देलं आणि जा म्हणालो. तुम्ही उष्ट्या हातानं धावत जाऊन गाडी थांबवली. "काऊन बे, ताक दिसलं न तुले? मंग काऊन सोडून राह्यला? वडनेरपाशी इंजिन जाम झालं त हे लेकरं उन्हात रोडवर बसतीन!" परक्या लोकांच्या देखत बोलले ते मले लागलं. पण हेड काढल्यावर जळकं गॅस्केट माझ्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "पाह्य, हे पाह्य." तेव्हा राग नव्हता तुमच्या आवाजात.

तुम्ही गेले तेव्हा मले मिशीही फुटली नव्हती. शाळा तर आधीच सुटली होती. मंग नागपूर, सुरत, कुठंच टिकलो नाई. जरा बस्तान बसलं की पाय खाजतात. आता मनालीच्या वरच्या अंगाले एका गॅरेजात आहे. इथं बर्फ पडते, सकाळी पाना हाताले चिकटते. सोबतचे दोघं आपसात पहाडी बोलतात आणि मले "मराठा" म्हणून हाक मारतात. माझं नाव त्यांनी अजून विचारलं नाई.

मागच्या आठवड्यात एक टॅक्सीवाला आला. शाळेची पोरं नेतो-आणतो, गावातल्या गावात. टोपण उघडलं तर खाली ताकच ताक. मालक खाली मंडी शहरात गेलता. मी म्हणालो, "छाछ हो गया, हेड खोलना पड़ेगा." त्याचं तोंड उतरलं. "पक्का, भैया? यही एक गाड़ी है मेरी." मी म्हणालो, "पक्का."

हेड काढलं. गॅस्केट कोरंकरकरीत. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाह्यलं, कुठं डाग नाई. टॅक्सीवाला स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. मालक आल्यावर त्यानं टोपण हाती घेतलं, तेल मोजायच्या पट्टीकडं बोट दाखवलं आणि एवढंच विचारलं, "डिपस्टिक देखी थी?" मंग त्यानं समजावलं. थंडीत गाडी जराशीच चालली की इंजिन नीट तापत नाई, आतून घाम येते, तोच घाम तेलात घुसळून टोपणाले चिकटते. डिपस्टिकवरचं तेल साफ असलं आणि पाणी कमी होत नसलं, तर एक लांब चक्कर मारून आणायची, आपोआप उडून जाते. इथल्या शेंबड्या पोरालेही हे माहीत. तुमाले नव्हतं. आपल्याकडं लोखंडाले असा घाम येईल अशी थंडी कधी पडली? तुम्ही वर्धा जिल्हा सोडून गेलते तरी कुठं?

मालकानं कामावरून काढलं नाई. गॅस्केट, तेल आणि टॅक्सीवाल्याची बुडालेली भाडी माझ्या पगारातून कापली. टॅक्सीवाला परवा बाजारात दिसला. मी हात वर केला, त्यानं मान फिरवली.

आता एक सांगतो, मंग बस. डिपस्टिक मी पाह्यली होती, बाबा. फडक्यानं पुसून पुन्हा पाह्यली. तेल साफ होतं, पाणी काठोकाठ होतं, माझा हात थांबलाही होता. तेवढ्यात तुम्ही मागून खेकसल्यासारखं झालं, अगदी कानापाशी. किती दिवसांत माझ्यावर हक्कानं कोणी खेकसलं नव्हतं. तुम्ही थोडं अजून बोलावं म्हणून मी पाना उचलला.

हे कोणाले सांगू? आणि हा कागद तरी कुठं टाकू? मायले फोनवर म्हटलं, यंदा बर्फानं काम कमी आहे. तिले या महिन्यात तीन हजार दोनशेच पाठवून राह्यलो.