घळीच्या फाटकाला साखळी

२२ एप्रिल १९७४
विगिल पडला! गवताच्या माळ्यावरून, शिडीसकट. खुबा मोडलाय. खाली शहरातल्या इस्पितळात नेलं. आमच्या रोमेडचा चेहरा असा उतरलाय, की मोडला तो याचाच खुबा! वीस वर्षं दोघं शेजारशेजारच्या दोरांवर लटकतायत. दर वसंतात आधी घळीचा कडा झाडायचा, मग घळीतल्या पायवाटेच्या, हिवाळ्याने नेलेल्या फळ्या नव्याने ठोकायच्या, मग पर्यटकांना फाटक उघडायचं. आता विगिलवाचून?
म्हटलं, अरे, माणूस जिवंत आहे, खुबे जोडतात हल्ली. नवरा सूप तसंच ठेवून उठला.

२५ एप्रिल
ठरलं. विगिलच्या दोरावर आमचे जावईबापू. एडवीन! द्राक्षमळ्यांच्या सपाट मुलखातला माणूस. लग्न होऊन इथे आला तेव्हा आमच्या तळघराचा जिनासुद्धा भिंत धरून उतरायचा. पण अंगात ताकद आहे, आणि सासऱ्याला नाही म्हणायची छाती नाही.
"सासूबाई, बाबा शेजारी असताना मला कसली भीती?" म्हणाला. कान मात्र लालबुंद.

३० एप्रिल
काम सुरू. सकाळी दोघं दोर घेऊन जातात, संध्याकाळी चिखलाने माखून येतात. कडा झाडणं म्हणजे काय, हे पर्यटकांना कधी कळत नाही. हातोडीने खडक ठोकत जायचं आणि ऐकायचं. पक्का खडक ठण्‌ वाजतो. सुटलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. बद्द वाजला की पहार घालून पाडायचा, नाहीतर तो उन्हाळ्यात कुणाच्या तरी डोक्यात स्वतःहून येतो.
यंदा बर्फ फार लवकर सुटतंय. ओढा आत्ताच राखाडी झालाय. मला नाही आवडत हे.

५ मे
आज पाव आणि बटाटे घेऊन खालच्या फाटकापासून वर, पर्यटकांना जेवू घालतो त्या आमच्या सूपघरापर्यंत घळीतून चालत गेले. दरवर्षी जाते, पण आज जीव नुसता धास्तावला होता. फळ्या ओल्या, गुळगुळीत. मधल्या अरुंद भागात दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की पाठीवरची टोपली घासते, आणि वर आभाळाची एक चिंधी. खाली पाणी असं आदळतं की कठडा हातात थरथरतो. तिथे फळीवर ताजी खडी पडलेली. पांढरीशुभ्र, कोरडी! म्हणजे नुकतीच पडलेली. वर बघितलं तर काही दिसेना. मी चक्क पळाले. या वयात!
वरच्या डोहापाशी घळ रुंद होते, पाणी शांत असतं. तिथे रोमेड पाठमोरा बसून दोर गुंडाळत होता. हाक मारली. ढिम्म. पुन्हा मारली, जोरात. एडवीन लांब होता, तो वळला! रोमेड नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर केवढा दचकला. म्हणाला, "अगं, मांजरीसारखी काय येतेस!"
मांजरीसारखी? नालाचे बूट घालून?

६ मे
वाईट वागले आज. पण मला बघायचंच होतं. तो पाव कापत होता, मी मागे उभी राहून म्हटलं, "रोमेड, गोठ्याला आग लागली."
त्याने आणखी एक काप काढला. जाड, नेहमीसारखा.

७ मे
कधीपासून? मला कसं कळलं नाही? घळीत तर पाण्यापुढे शिट्टी सोडली तर कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळे हातांनीच बोलतात. घरात मीच बोलते, तो "हं" म्हणतो. आणि तोंडाकडे बघतो! मी मूर्ख, मला वाटायचं म्हातारपणी प्रेम वाढलंय.
रडू आलं. मग रागही आला.

९ मे
कुणाला सांगू? घळ चालवणाऱ्या गिर्यारोहण मंडळाच्या ओटमारला सांगितलं, तर त्याच दिवशी फाटकाच्या किल्ल्या काढून घेतील. याच्या आधीच्या राखणदाराच्या घेतल्या होत्या. तो खिडकीत बसून घळीच्या दिशेला बघत राहायचा, नाताळ नाही बघितला त्याने. रोमेडला मी तसा बसवू?
कान गेले म्हणून हात गेले का? इतक्या वर्षांत एका माणसाला खरचटलं नाही. नाही सांगणार.

१४ मे
कडा झाडून झाला. आता फळ्या. ओटमार येऊन गेला. रोमेडच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! तू आहेस तोवर मी निवांत झोपतो." येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी उद्घाटन – पाद्रीबुवा येणार, गावचा बँड येणार, सगळी वरात घळीतून चालत आमच्या सूपघरापर्यंत. दोनशे माणसांचे क्नोडेल, पावाचे गोळे, वळायचेत. त्यात लहान मुलं किती!
रोमेड हसला. ओटमारच्या ओठांवरून डोळे हलले नाहीत त्याचे.

१९ मे, रविवार
केक घेऊन विगिलला भेटायला गेले. पाय टांगलेला, पण तोंड चालू. नर्सची, जेवणाची, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याची तक्रार. मग मला खुणेने जवळ बोलावलं.
"बुर्गी, यंदा कडा कुणी ऐकला?"
मी म्हटलं, ऐकला म्हणजे?
"अगं, त्याचे कान कधीच गेले. तो ठोकायचा आणि माझ्याकडे बघायचा. ठण्‌ असलं की मी मान हलवायचो, बद्द असलं की बोट खाली. आमचं ठरलेलंच होतं. तुला माहीत नाही? मला वाटलं, बायको आहेस, माहीत असेल!" पुढे म्हणाला, "एडवीनला सांगितलं असेल त्याने. सांगितलंच असेल ना?"
केक तिथेच राहिला. मिळाली ती पहिली बस पकडली.

२० मे
एडवीनला गोठ्यात गाठलं.
"बाबा ठोकायचे आणि तुझ्याकडे बघायचे?"
"हो."
"मग तू काय करायचास?"
"मान हलवायचो."
"दरवेळी?"
"दरवेळी. सासूबाई, मला काय कळतंय खडकातलं? बाबांनी ठोकलं म्हणजे चांगलंच असणार. त्यांच्यासमोर मी नाही म्हणू?"
"आणि पाडला किती?"
"पाडला? काहीच नाही. बाबा म्हणाले, यंदा कडा फार चांगला आहे."
एवढा धष्टपुष्ट माणूस, रडायला लागला. अख्खी घळ! अख्खी घळ याच्या आदबीवर पास झाली!

२१ मे
रोमेडला समोर बसवलं. तोंडासमोर तोंड. म्हटलं, "तुला ऐकू येत नाही. आणि एडवीनला काही कळत नाही."
त्याने सुरी खाली ठेवली. टेबलाच्या फटीत नख घालत बसला.
"विगिल बोलला?"
"कुणी का बोलेना. कडा पुन्हा झाडायला हवा."
"कोण झाडणार? आणि का, म्हणून सांगणार?" मग माझा हात धरला. लग्नानंतर असा कधी धरला नव्हता. "बुर्गी, कुणाला सांगू नकोस. एवढा उन्हाळा जाऊ दे. शरदात मीच किल्ल्या देतो. लोकांनी माझ्या कानात ओरडून बोलावं, असं नको करूस माझं."
शब्द दिला मी. काय करणार होते? दिला.
पण मुलं कठडा धरून चालतील, वर बघत बघत –

२२ मे
फाटकाला साखळी घातली! ओटमारला सांगितलं, मधल्या अरुंद भागात वरून दगड येताना मी डोळ्यांनी बघितला, भोपळ्याएवढा. धडधडीत खोटं. बायबलवर हात ठेवायला लावला असता तरी म्हटलं असतं.
"उद्या उद्घाटन आणि आज बघतेस?" ओटमार नुसता तडतडला. "पाद्रीबुवांना काय सांगू? बँडवाल्यांना काय सांगू? आणि रोमेडने झाडलाय ना कडा!"
म्हटलं, रोमेडने झाडला तेव्हा बर्फ होतं, आता ऊन लागून काही सुटलं असेल. शेजारच्या खोऱ्यातली माणसं बोलाव.
रोमेड तिथेच उभा होता. सगळं बघत होता. मी शब्द मोडला नाही, एवढं त्याला कळलं असेल का?

२३ मे, स्वर्गारोहण
बँड चर्चपुढेच वाजला. लोक माझ्याकडे बघून कुजबुजले. क्नोडेल डुकरांना. रोमेड बोलत नाही.

२५ मे
शेजारच्या खोऱ्यातले तिघे आले. त्यांचा म्होरक्या कासियान, मोठ्या दाढीचा, सभ्य माणूस. पहिल्याच दिवशी अरुंद भागातून इतका दगड पाडला की खालच्या दोन नव्या फळ्या मोडल्या. ओटमार फाटकापाशी येऊन मला म्हणाला, "बुर्गी, तुझे डोळे देवाने दिलेत." गावात आता सगळे नमस्कार करतायत.
आत जाऊन दार लावून घेतलं.  देवा, गुरुवारी जर –

२६ मे
रोमेड आज बोलला. म्हणाला, "बरं केलंस." एवढंच. पण माझ्या ताटात स्वतःच्या हाताने लोणी वाढलं.

२७ मे
सकाळी कासियान दारात. टोपी काढून म्हणाला, "दोर अडकवायचे जुने आकडे आम्हाला सापडत नाहीत. मालक दाखवायला येतील का? फळीवर उभं राहून नुसतं बोट दाखवलं तरी पुरे, वर आम्ही चढतो."
रोमेड असा उठला की खुर्ची मागे पडली! बूट बाहेर काढले, त्यांना चरबी लावली, दाढी केली. निघताना हसला. किती दिवसांनी!
कासियान अंगणात थांबला होता. त्याला सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. एकच वाक्य. पण रोमेड दारातून माझ्या ओठांकडे बघत होता. म्हटलं, "सांभाळून जा हं." झालं.

२९ मे
परवा शिळा सुटताना वरच्या तिघांना दिसली. कासियान म्हणतो, तिघांनी तीनदा शिट्ट्या मारल्या, भिंतीला चिकटायला भरपूर वेळ होता. रोमेड फळीवर पाठमोरा उभा होता. उद्या त्याला पुरायचं. ओटमार सारखा विचारतो, एवढा जाणता माणूस, जागचा हलला कसा नाही? मी अजून सांगितलेलं नाही.