ॲबिगेल असं म्हणालीच नाही

उंद्री, मंगळवार

प्रिय देवेश,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. गॅस सिलिंडर उशिरा आला म्हणून तक्रार करतानाही आपण ‘माननीय’ लिहितोच की. पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण फोन तू उचलत नाहीस, ॲपवरच्या आपल्या ‘महामाया’ या खात्याचा पासवर्ड तू बदललास, आणि खामगावच्या घरी पाठवलं तर तुझ्या आई फोडतील. त्यांना कशाला ताप? आणि हो, राग आला की माझ्या ‘मला’चं ‘मले’ होतं हे तुला माहीत आहे. या पत्रात ते होईल. लाल पेन काढून बसू नकोस.

आपल्या कादंबरीच्या भाग पाचचं शेवटचं प्रकरण मी वाचलं. कुठं वाचलं सांगू? शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, तोंडात पिठलं-भाकरीचा घास असताना. पुष्पांजली मॅडमनं मोबाईल पुढे केला, “महामायेचं नवीन आलं वं, वाच. मी तं रडली बाप्पा.” तिला बिचारीला काय ठाऊक, महामायेतली अर्धी तिच्या शेजारीच ठेचा खाऊन राह्यली म्हणून! मी वाचलं. मिस्टर हॅलोवेला ॲबिगेल दिल्या शब्दातून मोकळं करते. ‘मी साध्या घरातली, तुमच्या हवेलीला शोभायची नाही’ म्हणते. एवढ्यावर भागत नाही, म्हणून त्याच्या मावसबहिणीच्या बोटात स्वतःच्या हातानं अंगठी घालते. आणि हे सगळं हसत हसत! अरे, काही लाज? आपलं सात वर्षांचं नातं संपल्याचं मला चाळीस हजार वाचकांबरोबर कळलं. नुसतं संपवलं असतंस तरी ठीक. तू ते माझ्या तोंडून संपवलंस. मी जे बोललेच नाही ते माझ्या नावावर खपवलंस, आणि लोक खाली लिहून राह्यले, ‘किती मोठं मन!’ मले रडू आलं, पण त्याच्याआधी इतका राग आला की मी डबा तसाच झाकून टाकला.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. एम.ए.ला दोनशे वर्षांपूर्वीची ती इंग्रजी कादंबरी आपल्याला नेमलेली होती. पाद्र्याच्या बागेत मिस्टर हॅलोवे मागणी घालतो, ॲबिगेल हो म्हणते, आणि पुस्तक खलास. लग्न नाही, पंगत नाही, सासर नाही. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तणतणले होते, “असं कसं बे? पानावर मीठ-चटणी वाढली आन् वरण यायच्या आधीच उठा म्हणते का?” तू खूप हसलास. म्हणालास, पुढचं आपण लिहू. ॲपवर टाकायला एकच नाव घेतलं, महामाया, कारण दोघांची नावं टाकली असती तर तुझ्या घरी कळलं असतं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ठरलं असं की हॅलोवेची पत्रं तू लिहायची आणि ॲबिगेल जे काही बोलेल ते मी. एकमेकांच्या माणसाच्या तोंडाला हात लावायचा नाही. तो आपला कायदा होता, तूच केलेला.

आणि ॲबिगेल मी कुठून आणली होती? इंग्लंडातून नाही. जानेफळच्या माझ्या रुख्मिणी मावशीकडून. हॅलोवेची आत्या जेव्हा नाक वर करून विचारते की तुमच्या वडिलांची जमीन किती, तेव्हा ॲबिगेल म्हणते, ‘तुमच्या पाहुणचाराला पुरेल एवढी आहे, तुमच्या तोऱ्याला पुरणार नाही.’ ते मावशीचं वाक्य. तिनं खरोखर एका मुलाच्या काकाला भर बैठकीत ऐकवलं होतं. वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. तू फक्त बोली काढून घेतलीस, पुण्याचे वाचक हसतील म्हणून. मी म्हटलं, काढ. अक्षरं तुझी नीट, मन माझं नीट, चालतंय. आता ती बाई, जी भर बैठकीत कुणाचं ऐकून घेत नाही, ती अंगठी काढून देईल? हसत? मावशीला सांगितलं तर ती तुला चपलेनं मारेल.

भाग पाच वाचल्यावर मी घरी येऊन मागचे सगळे भाग ओळीनं वाचले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न पहिल्याच भागात व्हायचं होतं ना? तू हॅलोवेला लढाईवर पाठवलंस. त्या वर्षी तू बँकेच्या परीक्षा देत होतास, ‘नोकरी लागू दे, मग घरी सांगतो’ म्हणत होतास. दुसऱ्या भागात तो धडधाकट परत आला, तर त्याच्या आत्याला लकवा! तेव्हा तुझ्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिसऱ्यात हवेलीचं छप्पर जळालं. तेव्हा तुम्ही घराचा वरचा मजला बांधायला काढला होता. चौथ्यात तर कहर केलास, लग्न लावणारा पाद्रीच अंथरुणावर पाडलास. त्या वर्षीचं तुझं खरं कारण काय होतं, मला आता आठवतही नाही. चार भाग मी तुझ्या सबबींना भरजरी कपडे शिवून दिले, देवेश. ॲबिगेल खिडकीशी बसते, ॲबिगेल त्याची पत्रं उशाशी ठेवते. लोक लिहायचे, ‘काय संयम आहे हिचा!’ संयम डोंबलाचा. मूर्ख होती ती, आणि मीही.

इकडे आई प्रत्येक दिवाळीनंतर विचारायची, “काऊन नाही म्हणतं वं पोरी? पोरगं चांगलं आहे, शेती आहे, नोकरी आहे.” तीन स्थळं मी परत पाठवली. बाबांनी एका शब्दानं जाब विचारला नाही. चारचौघांत ‘पुंजाजीची पोरगी लई शिकली’ असं लोक ज्या सुरात म्हणतात, तो सूर ऐकून ते नुसते मान हलवत राहिले. ते मला अजून टोचतं.

एकदा तू मला घरी नेलंस, ‘मैत्रीण’ म्हणून. तुझ्या आईंनी चहा केला, चिवडा दिला, गोड बोलल्या. “हुशार आहे हो, बोलणं तेवढं गावाकडचं.” मी हसले. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपबशा उचलल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. आणि तू काय केलंस? टीव्हीचा आवाज वाढवलास. बसस्टँडवर सोडताना म्हणालास, आई थकली असेल. मी ते मानलं, कारण मला मानायचं होतं.

मला तुझ्या आईंचा राग नाही. त्यांनी जे होतं ते तोंडावर दाखवलं. मागच्या आठवड्यात आपल्या वर्गातला शालिग्राम भेटला, त्याच्याकडून तुझी सोयरीक जमल्याचं कळलं; तुमच्यातलीच मुलगी, बुलढाण्याची. बरं झालं. तू समोर बसून म्हणाला असतास, ‘प्रेरणा, मला घरच्यांची भीती वाटते, मी नाही निभावू शकत,’ तर मी ढसाढसा रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि पुढं गेले असते. भित्र्या माणसाला माफ करता येतं. पण आपली भीती दुसरीच्या गळ्यात ‘त्याग’ म्हणून बांधायची, आणि वर तिलाच हसायला लावायचं? हे कोणत्या कॉलेजात शिकलास?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल मला गार्गीचा फोन आला. तुझीच गार्गी, जिच्याशी एकोणीस तारखेला तुझा साखरपुडा आहे. शाळेतून नंबर मिळवला म्हणे. ती पहिल्या भागापासून महामाया वाचते. मुलगी पाहायला गेलास तेव्हा तू तिला ऐटीत सांगितलंस, ‘महामाया म्हणजे मीच, उंद्रीच्या शाळेतली एक प्रेरणा नुसती टायपिंग करून द्यायची.’ टायपिंग! असो. ती मला म्हणाली, “ताई, शेवटचं प्रकरण मला पटतच नाहीये. ही ॲबिगेल नाहीच. त्यांना विचारलं तर ते हसण्यावारी नेतात. तुमच्याकडे मूळ वह्या असतील ना? त्यात ती खरंच असं म्हणते का?” मी ‘नाही’ म्हटलं. त्यापुढं एक अक्षर बोलले नाही. ती येत्या रविवारी दहाच्या एसटीनं उंद्रीला येते आहे, वह्या वाचायला. त्यांत हॅलोवेची सगळी पत्रं तुझ्या अक्षरात आहेत, आणि निम्म्या पत्रांवर तू ॲबिगेलच्या जागी माझं नाव लिहिलं आहेस. मी एकही पान फाडणार नाही. तिला माझ्यासारखं सगळ्यांच्या मागून कळू नये, एवढंच मला वाटतं. चांगली पोरगी आहे, विचारून होकार द्यावा असं तिला वाटतं आहे. स्पीड पोस्टानं टाकते आहे, गुरुवारपर्यंत मिळेल. मधे दोन दिवस आहेत. तिला जे सांगायचं ते जाऊन सांग, आणि या वेळी तरी स्वतःच्या तोंडानं सांग.

चार भाग तुझीच होती ती,
प्रेरणा