इंजिन बंद, पंखा चालू

अमरावती, रविवार, मे

आमची जुनी गाडी अकोल्याच्या वाटेवर दर उन्हाळ्यात उकळते. तिच्या रेडिएटरला जुन्याच्या जागी विजेचा पंखा बसवावा की नाही, यावर मोठ्या भावाशी महिनाभर भांडलो. भाऊ नको म्हणत होता. मी बसवून घेतला.

आज अकोल्याहून येताना बडनेऱ्यात थांबलो. भाऊनं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं इंजिनाचा पट्टा चाचपायला हात आत घातला. जुना पंखा इंजिनाबरोबर थांबायचा. हा नवा, इंजिन तापलेलं असलं की बंद गाडीतही आपोआप सुरू होतो. झाला. दोन बोटांची टोकं गेली. रक्त पार उघड्या बॉनेटवर उडालं. दोन बोटं, आणि ती किंकाळी.

टाके पडल्यावर भाऊ थेट पंखा बसवला त्या गॅरेजवर गेला, मी मागोमाग. चांगल्या हातानं मिस्त्रीचा गळा धरला, डोकं भिंतीवर आपटलं.

"बंद गाडीत फिरते हा पंखा! मले सांगतलं काऊन नाही बे?"

मिस्त्रीच्या नाकातून रक्त येत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पंखा बसवला त्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं, "हा बंद गाडीतबी फिरते, मोठ्या भाऊले नक्की सांगजा जी." मी विसरलो का? नाही. सांगितलं असतं तर भाऊनं पंखा काढायला लावला असता.

"सोड त्याले, भाऊ," मी म्हणालो. "त्यानं मले सांगतलं होतं."

भाऊनं गळा सोडला. मग पट्टी बांधलेल्या हातानंच माझ्या तोंडात मारली.