तीन मतांचा बेलभंडारा

ती. दाजींच्या सेवेशी, मानसिंगचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? आक्काचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आम्ही सगळी खंडोबाच्या कृपेनं ठीक. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत जातं, म्हणून कागद धरला.

गेल्या रविवारी सकाळी मी अंघोळ करून खंडोबाच्या देवळात गेलो आणि बेलभंडारा उचलून घरातली तिन्ही मतं शंभूराजला देऊन आलो. आमच्या नगरपंचायतीच्या अध्यक्षाची निवडणूक लागलीय, आणि तिला उभा राहिलेला शंभूराज माझा तालमीतला जोडीदार. त्यानं घरटी एक कर्ता पुरुष देवळात बोलावला होता. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द आपल्याकडे फिरत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! माझं मत, लीलाचं आणि पूजाचं (पोरीचं हे पहिलंच). देताना वाटलं, आपण किती उदार.

मग शंभूराजनं मला गावाचा कल काढायला धाडलं, कारण भजनातला माणूस खोटं सांगत नाही असा लोकांचा समज आहे. दारोदारी पुरुष बसलेले. कुणी म्हणे आमची पाच शंभूला, कुणी म्हणे आमची सात. आतून बाई चहा आणून ठेवी आणि न बोलता आत जाई. चहानं पित्त खवळलं, पण कल मात्र गोड लागत होता. समोरचा उमेदवार ऋषिराज. त्यानं मागं खटपट करून आठवडा बाजारात बायकांसाठी संडास बांधून घेतला आणि त्याला कुलूप लागू दिलं नाही. चौकात त्यावरून त्याला हसतात. (मीही हसलो होतो.)

शेवटचं घर धोंडुबाईचं. ती एकटी राहते, त्यामुळे दारात तीच. विचारलं, तर म्हणाली, "घरात गडीमाणूस न्हाई म्हणून मला इचारतोस व्हय रं? माझं ऋषिराजला. भाजी इकायला बसले की दिसभर पाण्याचा घोट घेत नव्हते. जायाचं कुठं? आता पिते." मी म्हटलं, मावशी, तिकडं तुमचं एकटीचंच मत हाय. तशी ती हसत सुटली. "बायकांनी तुला च्या दिला, मत न्हाई दिलं! तुझ्या लीलाला तरी इचारलंस का?"

दाजी, आम्हा पुरुषांना कुठलंही झाड पुरतं, म्हणून हा प्रश्न मला पन्नाशी आली तरी पडलाच नव्हता. एका छपराखाली राहून बायकापुरुष दोन वेगळ्या गावांत नांदतात की काय, असं वाटायला लागलं. घरी लीला भाकरी थापत होती. तिला शपथेचं सांगितलं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "आवं, मत माझं आन् भंडारा तुमी उचललासा. उद्या देवानं मला इचारलं, तर काय सांगू?" पूजानं आपलं नवंकोरं मतदार कार्ड माझ्यापुढं आणून ठेवलं. ते जास्त लागलं.

शब्द पाळावा तर मायलेकींना धाक घालावा लागणार, न पाळावा तर देवापुढं खोटा. भजनात माझा टाळ चुकायला लागला. शेवटी काल शंभूराजला देवळात नेलं आणि देवासमोर सांगितलं, माझं एक मत तुझंच; बाकीची दोन माझी नव्हतीच, तेवढा शब्द परत घेतो. तो म्हणाला, "लय देवभोळा रं गड्या तू! शपथ म्हंजी काय दुकानातली चप्पल हाय, बसंना म्हणून बदलायला?" आणि तडक निघून गेला. (आता तालमीत मला चहा बंद. पित्ताला बरंच आहे.) मी नाक घासलं, दुसऱ्यांदा बेलभंडारा उचलला, एकट्यापुरता. खंडोबा काही बोलला नाही. रागावल्यासारखाही दिसला नाही.

आक्काला नमस्कार.
तुमचा,
मानसिंग

ता. क. खरं काम राहिलंच. लीला रोज आक्काशी फोनवर बोलते. तिचं मत नक्की कुणाला जाणार, एवढं आक्काकडून हळूच काढून कळवा. मत तिचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माणसाला झोप तर लागली पाहिजे.

ता. क. २. डिंक शोधायला उठलो, तेवढ्यात लीलानं कागद वाचला. "आक्कास्नी कशाला तरास? मलाच इचारा की," म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सांगायची तयारी दिसत होती. वरचं काम रद्द समजा. हे पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितोय. मी विचारलं नाही.